विश्वास आणि रोजमेळ : बँकेतील सेवकांचे आचरण व व्यवस्थापनाची जबाबदारी



आजच्या व्याख्यानाचा विषय बँक व्यवसायातील सेवकांचे आचरण, त्यातून उद्भवणारी जोखीम आणि तिच्यावरील उपाय हा आहे. विषय बँकेचा असला तरी तो येथे उपस्थित असलेल्या प्रत्येकाच्या घरापर्यंत पोहोचणारा आहे. श्रोत्यांपैकी कोणी नागरी सहकारी बँकेचे सभासद आहेत, कोणी पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आहेत, कोणाचा मुलगा अथवा सून बँकेच्या सेवेत आहे, आणि ठेवीदार तर सर्वच आहेत.

दुकानदार आपले भांडवल घालून व्यापार करतो. माल पडून राहिला, भाव उतरला, तर झळ प्रथम त्यालाच लागते. बँकेची गोष्ट निराळी आहे. तिच्या व्यवहारातील फार मोठा भाग ठेवीदारांच्या पैशाचा असतो. निवृत्त शिक्षकाचा भविष्यनिर्वाह निधी, विधवा भगिनीची मुदतठेव, मुलीच्या लग्नासाठी साठविलेली रक्कम, मंदिराचा व धर्मशाळेचा निधी हे सारे काउंटरपलीकडे बसलेल्या सेवकाच्या हातून जाते. ज्याचा पैसा आहे तो तेथे नसतो आणि जो तेथे असतो त्याचा तो पैसा नसतो. बँकिंगमधील नीतीचा प्रश्न याच अंतरातून निर्माण होतो.

कर्जदार थकला तर होणाऱ्या नुकसानीला पतजोखीम म्हणतात. व्याजदर किंवा रोख्यांचे भाव चढल्या-उतरल्याने जे नुकसान होते ती बाजारजोखीम. या दोहोंचे अंदाज बांधण्यासाठी गणिते आहेत. तिसरी जोखीम बँकेच्या भिंतींच्या आतच असते. सेवकाने नियम डावलणे, ग्राहकाला न विचारता त्याच्या नावावर व्यवहार करणे, नोंद दडविणे, वरिष्ठांच्या दबावापुढे मान तुकविणे या सर्वांतून जी हानी होते तिला आचरण-जोखीम किंवा ‘कंडक्ट रिस्क’ म्हणतात. हिच्यासाठी कोणतेही पक्के गणित नाही. तरीही ती अकस्मात येत नाही; तिच्या येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. त्या वाटा दाखविणाऱ्या चार घटना येथे मांडावयाच्या आहेत. दोन परदेशातील आहेत आणि दोन मुंबईतील.

असा प्रकार उघडकीस आला की वृत्तपत्रे एका माणसाचे छायाचित्र छापतात. तो किती धूर्त होता, त्याने कसे सर्वांना फसविले, याच्या कथा रंगतात. लोकांनाही ते पटते, कारण दोष एका माणसाच्या माथी मारला की बाकीचे सारे निर्दोष ठरतात. वस्तुतः प्रत्येक प्रकरणाचा तपशील पाहिला तर त्या माणसाच्या आधी व्यवस्थेने दार उघडे टाकलेले आढळते.

एकाच हाती कात्री आणि वही

इंग्लंडमधील बेअरिंग्ज ही बँक १७६२ साली स्थापन झाली होती. राजघराण्याची खाती सांभाळणारी ही प्रतिष्ठित पेढी २६ फेब्रुवारी १९९५ रोजी कोसळली. निमित्त ठरला सिंगापूर येथील निक लीसन हा अठ्ठावीस वर्षांचा कर्मचारी. जपानी शेअर निर्देशांकाच्या वायद्यांचे सौदे तो करीत असे आणि त्या सौद्यांची नोंद व पडताळणी करणारा विभागही त्याच्याच अखत्यारीत होता.

जुलै १९९२ मध्ये त्याने ‘८८८८८’ या क्रमांकाचे एक खाते उघडले. सौदा करताना झालेल्या चुका तात्पुरत्या नोंदविण्यासाठी असे खाते ठेवण्याची पद्धत असते. एका कनिष्ठ सहकारिणीने खरेदीऐवजी विक्री केल्यामुळे झालेले सुमारे २० हजार पौंडांचे नुकसान त्यात टाकले गेले, असे लीसनने पुढे सांगितले. ते नुकसान लंडनला कळविले असते तर दोन बोल ऐकावे लागले असते आणि विषय तेथेच संपला असता. ते दडविले गेले. मग ते भरून काढण्यासाठी नवे सौदे झाले, त्यांतही तोटा आला, आणि तोही त्याच खात्यात गेला. १९९२ अखेर दडविलेला तोटा सुमारे २० लाख पौंड होता, १९९३ अखेर तो सुमारे २ कोटी ३० लाखांवर गेला आणि १९९४ अखेर सुमारे २० कोटी ८० लाखांवर. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधील कोबे येथे भूकंप झाला, शेअर बाजार घसरला आणि फेब्रुवारीच्या अखेरीस एकूण तोटा सुमारे ८३ कोटी पौंडांपर्यंत पोहोचला. बँकेचे भांडवल त्याला पुरे पडणारे नव्हते. दोनशे तेहेतीस वर्षांची पेढी आयएनजी या डच संस्थेने नाममात्र एक पौंड देऊन, तिची देणी पत्करून घेतली. लीसनला सिंगापूरच्या न्यायालयाने साडेसहा वर्षांची शिक्षा दिली.

यातील मन विषण्ण करणारी बाब वेगळीच आहे. १९९४ च्या उन्हाळ्यात बेअरिंग्जच्याच अंतर्गत लेखापरीक्षकांनी सिंगापूरला भेट देऊन अहवाल दिला होता. सौदे करणे आणि त्यांची नोंद ठेवणे ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे असणे धोक्याचे आहे, ती वेगळी करावीत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. अंमलबजावणी झाली नाही. कागदावर हा माणूस बँकेला भरघोस नफा मिळवून देत होता, आणि नफा आणणाऱ्या माणसाला प्रश्न विचारणे कोणाच्या जिवावर येत होते.

कापडाच्या मोठ्या दुकानात कापड दाखविणारा व कापणारा एक, बिल करणारा दुसरा, गल्ल्यावर पैसे घेणारा तिसरा आणि शिक्का पाहून पुडके हाती देणारा चौथा असतो. ताग्यावरून किती मीटर उतरले, बिलात किती लागले आणि गल्ल्यात किती आले, या तीन आकड्यांचा रात्री मेळ बसला पाहिजे. कापणाऱ्याच्या हातीच बिलाची वही दिली तर मेळ रोज बसेल. तो खरा आहे की बसविलेला आहे, हे मात्र मालकाला कधीच कळणार नाही. गावातील दुकानदाराला ठाऊक असलेली ही गोष्ट लंडनच्या मुत्सद्दी सावकारांनी विसरावी, हे नवल म्हटले पाहिजे.

उद्दिष्टाचा आसूड

दुसरी घटना अमेरिकेतील वेल्स फार्गो या बँकेची आहे. तिच्यात एकटा लबाड माणूस कोठेच नव्हता. प्रत्येक ग्राहक-कुटुंबाकडे बँकेच्या आठ सेवा असाव्यात, असे उद्दिष्ट वरिष्ठांनी ठरविले होते. बचत खाते, क्रेडिट कार्ड, कर्ज, ऑनलाइन सेवा अशी आठाची संख्या गाठायची. शाखेतील सेवकांना दररोजचे आकडे द्यावे लागत. आकडा पुरा झाला नाही की बोलणी बसत आणि नोकरीही धोक्यात येई.

ग्राहकाला आठ सेवांची गरज नसेल तर सेवकाने काय करावे? हजारो सेवकांनी एकच वाट शोधली. त्यांनी ग्राहकाला न विचारता त्याच्या नावाने खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये नियामकांनी बँकेला १८ कोटी ५० लाख डॉलरचा दंड केला. गैरवर्तनासाठी पाच वर्षांत सुमारे ५,३०० सेवकांना काढून टाकल्याचे तेव्हा जाहीर झाले. पुढील तपासणीत, २००९ ते २०१६ या काळातील ३५ लाखांपर्यंत खाती ग्राहकांच्या संमतीविना उघडली गेली असावीत, असा अंदाज बँकेनेच दिला.

एका शाखेतील दोन माणसे खोटे वागली तर ती माणसे वाईट आहेत, असे म्हणता येईल. ५,३०० माणसे एकाच प्रकारे खोटे वागतात तेव्हा दोष माणसांच्या निवडीत नसून त्यांच्या गळ्यात अडकविलेल्या उद्दिष्टात असतो. सामान्य वेतनावर घर चालविणारी माणसे होती ती. त्यांनी केले ते गैरच, परंतु त्यांना त्या कोपऱ्यात लोटणारे वरच्या मजल्यावर बसून वाढत्या आकड्यांचे कौतुक करीत होते. डिसेंबर २०१३ मध्येच ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या वृत्तपत्राने शाखांमधील या दबावाची सविस्तर हकिकत छापली होती. तरीही उद्दिष्टांची ती पद्धत पुढे सुमारे तीन वर्षे चालू राहिली.

ज्या सेवकांनी आतून आवाज उठविला त्यांचे काय झाले, हेही पाहण्याजोगे आहे. गैरप्रकाराची तक्रार केल्यानंतर नोकरी गमावलेल्या एका व्यवस्थापकाला परत सेवेत घ्यावे आणि सुमारे ५४ लाख डॉलर द्यावेत, असा आदेश अमेरिकेच्या श्रम खात्याने एप्रिल २०१७ मध्ये दिला. तक्रारीसाठी दूरध्वनीची सोय तेथे होती. परंतु तक्रार करणारा सुरक्षित राहील, याची हमी नव्हती. हमीवाचून तक्रारपेटी म्हणजे कुलूप नसलेली तिजोरीच.

अखेर झळ वरपर्यंत पोहोचली. मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन स्टम्फ यांना ऑक्टोबर २०१६ मध्ये पद सोडावे लागले. २०२० मध्ये त्यांना १ कोटी ७५ लाख डॉलरचा दंड आणि बँक व्यवसायात आजन्म बंदी पत्करावी लागली. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये वेल्स फार्गोच्या मालमत्तेच्या वाढीवर मर्यादा घातली आणि ती जून २०२५ पर्यंत, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ, उठली नाही. खोट्या खात्यांतून मिळालेला नफा किरकोळ होता. गेलेली अब्रू मात्र बँकेला फार महाग पडली.

दोन वह्या, ज्यांचा मेळ घातला गेला नाही

आता मुंबईकडे वळू. पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधील ब्रॅडी हाउस शाखेतील प्रकरण फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर झाले. रक्कम आरंभी सुमारे ११,४०० कोटी रुपये सांगितली गेली. पुढे ती १३,००० कोटींच्या वर गेली.

प्रकार समजून घेण्यास कठीण नाही. मार्च २०१८ पर्यंत आयातदारासाठी बँक परदेशातील दुसऱ्या बँकेला हमीपत्र पाठवीत असे. ‘या व्यापाऱ्यास रक्कम द्या, त्याने न फेडल्यास आम्ही देऊ’ असा त्याचा आशय असे. याला लेटर ऑफ अंडरटेकिंग म्हणत. असे पत्र देण्यापूर्वी व्यापाऱ्याकडून तारण किंवा अनामत घ्यावी लागे आणि बँकेच्या पुस्तकात नोंद करावी लागे. ब्रॅडी हाउसमधून ही पत्रे ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीवरून जात राहिली आणि बँकेच्या स्वतःच्या कोअर बँकिंग प्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार हे २०११ पासून चालू होते. जुन्या पत्राची मुदत संपली की नव्या पत्रावर उचललेल्या रकमेतून ते फेडले जाई. दोन्ही प्रणाली परस्परांना जोडलेल्या नसल्यामुळे एकीकडे गेलेले वचन दुसरीकडे दिसतच नव्हते. पेढीच्या भाषेत बोलावयाचे तर हुंडी वटत होती, परंतु रोजमेळात तिची ओळ नव्हती.

ज्या उपव्यवस्थापकावर मुख्य आरोप आहे तो २०१० पासून निवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत, त्याच शाखेतील परकीय चलनाच्या कामावर होता. जोखमीच्या जागी इतकी वर्षे एकच माणूस ठेवू नये, हा बँकांमधील जुना नियम आहे. जानेवारी २०१८ मध्ये व्यापारी कंपन्यांचे प्रतिनिधी नव्या पत्रासाठी आले तेव्हा खुर्चीवर दुसरा अधिकारी होता. त्याने नियमाप्रमाणे पूर्ण रकमेची अनामत मागितली. पूर्वी अशी अनामत कधी द्यावी लागली नव्हती, असे उत्तर आले. त्या उत्तरावरून जुन्या नोंदी शोधल्या गेल्या आणि त्या सापडल्याच नाहीत. खटले न्यायप्रविष्ट आहेत. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. परंतु सुमारे सात वर्षे जे लेखापरीक्षणाला दिसले नाही ते खुर्चीवरचा माणूस बदलताच दिसले, एवढे निश्चित.

येथेही पूर्वसूचना होती. ऑगस्ट २०१६ पासून किमान तीन वेळा स्विफ्टच्या गैरवापराविषयी बँकांना सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने या प्रकरणानंतर सांगितले. एवढा गाजावाजा झाल्यावर तरी सर्वांनी दोन्ही प्रणाली तत्परतेने जोडल्या असतील, असे वाटेल. मार्च २०१९ मध्ये स्विफ्टविषयक निर्देशांचे पालन न केल्याबद्दल रिझर्व्ह बँकेला ३६ बँकांना मिळून ७१ कोटी रुपयांचा दंड करावा लागला.

कुंपणच शेत खाते तेव्हा

चौथी घटना सहकारी क्षेत्रातील असल्यामुळे येथील श्रोत्यांना अधिक जवळची वाटेल. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेची स्थापना १९८४ साली मुंबईत झाली. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. ठेवीदाराला सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढता येतील, असा पहिला आदेश होता. सणासुदीच्या तोंडावर शाखांबाहेर रांगा लागल्या. घरात आजारी माणूस आणि खात्यात स्वतःचेच लाखो रुपये असूनही हाती हजार रुपये, अशी कुटुंबांची अवस्था झाली. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली, परंतु तोवर अनेकांचे हाल होऊन गेले होते.

पोलिसांत दाखल झालेल्या तक्रारीनुसार एका बांधकाम समूहाशी संबंधित ४४ कर्जखाती लपविण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखविण्यात आली. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम त्या एकाच समूहाकडे अडकली होती. एवढी खाती एखादा कारकून रात्री उशिरापर्यंत बसून तयार करू शकत नाही. हा आरोप थेट वरच्या मंडळींवर आहे. पहिल्या तीन घटनांत वरच्यांनी खालच्यांवर लक्ष ठेवले नाही, असे म्हणता येईल. येथे ज्यांनी लक्ष ठेवावयाचे त्यांच्यावरच लक्ष ठेवणारे कोणी नव्हते. २५ जानेवारी २०२२ रोजी ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. परंतु मोठ्या ठेवीदारांना सर्व रक्कम मिळण्यासाठी दहा वर्षांपर्यंतची मुदत ठरविण्यात आली. सत्तरी ओलांडलेल्या ठेवीदाराला दहा वर्षांचा वायदा कसा वाटला असेल, हे सांगावयास नको.

उपाय जुनेच आहेत

या चार घटनांवरून उपायांची दिशा ठरते. त्यांपैकी बहुतेक उपाय नवे नाहीत. बँकांतील अपहारांचा विचार करण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर घोष यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९९२ मध्येच आपल्या शिफारशी दिल्या होत्या.

पहिला उपाय कामाच्या विभागणीचा. बँकांत याला मेकर-चेकर म्हणतात. नोंद एकाने करावी, तपासून मंजुरी दुसऱ्याने द्यावी. पण प्रत्यक्षात काय घडते? गर्दीच्या वेळी वरिष्ठ आपला पासवर्ड कनिष्ठाला सांगून टाकतो आणि दोन माणसांचे काम एकच माणूस दोन नावांनी करू लागतो. सोय म्हणून दिलेला पासवर्ड म्हणजे कोऱ्या धनादेशावरची सही होय, हे प्रत्येक नव्या सेवकाला पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे.

दुसरा उपाय बदलीचा व सक्तीच्या रजेचा. जोखमीच्या पदावरील सेवकाला दरवर्षी सलग किमान दहा कामाच्या दिवसांची रजा, पूर्वसूचना न देता, घ्यावयास लावावी, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ मध्ये दिला. त्या काळात त्याने कामाच्या प्रणालीला हात लावावयाचा नाही. दडविलेला व्यवहार रोज हाताळावा लागतो. माणूस दहा दिवस दूर राहिला की तो आपोआप वर येतो. वर्षानुवर्षे एकही रजा न घेणाऱ्या सेवकाचा सत्कार करण्याची प्रथा अनेक संस्थांत आहे. त्याची निष्ठा खरीही असेल. तथापि सत्काराचा हार घालण्यापूर्वी त्याला दहा दिवस घरी पाठवून त्याचे टेबल दुसऱ्याने सांभाळावे, हे त्याच्याही हिताचे आहे.

तिसरा उपाय उद्दिष्टांविषयीचा. व्यवसाय वाढला पाहिजे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु विमा किती विकला एवढेच मोजले आणि ग्राहकाला त्याची गरज होती का, हे पाहिले नाही, तर वेल्स फार्गोची वाट दूर नाही. मुदतठेव करण्यास आलेल्या वृद्धाच्या हाती दीर्घ मुदतीची विमा पॉलिसी पडल्याची तक्रार आपल्याकडेही अपरिचित राहिलेली नाही.

चौथा उपाय तक्रार करणाऱ्याच्या संरक्षणाचा. सार्वजनिक बँकांसाठी केंद्रीय दक्षता आयोगाची व्यवस्था २००४ पासून आहे. खाजगी व विदेशी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये संरक्षित तक्रारीची योजना आणली. योजना कागदावर असून भागत नाही. वरिष्ठाविरुद्ध बोललेल्या सेवकाची पुढच्याच महिन्यात आडगावी बदली झाली, तर बाकीचे सर्व जण आयुष्यभराचा धडा शिकतात.

पाचवा उपाय वरिष्ठांच्या उत्तरदायित्वाचा. ब्रिटनने मार्च २०१६ पासून बँकांतील प्रत्येक वरिष्ठ अधिकाऱ्याची जबाबदारी लेखी ठरवून घेण्याची पद्धत सुरू केली. आपल्या विभागात गैरप्रकार घडला, तर तो टाळण्यासाठी योग्य ती पावले उचलली होती काय, याची त्या अधिकाऱ्याकडे विचारणा होते. ‘मला माहीत नव्हते’ एवढ्यावर त्याची सुटका होत नाही. माहीत करून घेणे, हेच तर त्याचे काम असते.

सहावा उपाय कोणत्याही परिपत्रकात सापडणार नाही. तो चूक कबूल करणाऱ्याशी कसे वागावे याचा आहे. रोखपालाच्या गल्ल्यात संध्याकाळी पाचशे रुपये कमी भरले, अशी कल्पना करावी. एका शाखेत तो ते व्यवस्थापकाला सांगतो, नोंद होते, शोध होतो. दुसऱ्या शाखेत सर्वांसमोर पाणउतारा होईल या भीतीने तो खिशातून भरतो, किंवा दुसऱ्याच्या खात्यातून तात्पुरते ओढतो. ‘८८८८८’ या खात्याचा आरंभ असाच झाला. चूक आणि लबाडी यांत भेद न करणारा वरिष्ठ, नकळत, चुकणाऱ्याला लबाड होण्यास शिकवितो. चूक सांगणाऱ्याला क्षमा असावी आणि ती लपविणाऱ्याला नसावी, एवढा भेद संस्थेत सर्वांना ठाऊक असला पाहिजे.

तपासणी म्हणजे अविश्वास नव्हे

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. इतक्या तपासण्या ठेवल्या तर प्रामाणिक सेवकाचा तो अपमान ठरणार नाही काय? विशेषतः लहान गावातील पतसंस्थांत हा विचार प्रबळ असतो. ‘आपलाच माणूस आहे, वीस वर्षांपासून आहे, त्याला काय विचारावयाचे?’ असे म्हणून किल्ल्या सोपविल्या जातात.

या आक्षेपात भावना चांगली आहे; परंतु विचार उलटा आहे. पैसे कमी भरले आणि मेळ घातलेला नसला, तर संशय त्या खोलीतील प्रत्येकावर जातो. ज्याने काहीच केले नाही त्याच्याजवळ स्वतःला सोडविण्याचे साधन नसते. रोज मेळ घातलेला असला, दोन सह्या असल्या, तर कागदच त्याच्या बाजूने उभा राहतो. जुन्या पेढ्यांवर मुनीमजींचा मान मालकाच्या खालोखाल असे, तरीही रोजमेळ मालकाला दाखविल्यावाचून दिवा मालवीत नसत. त्यात मुनीमजींना कमीपणा वाटत नसे. उलट वही दाखविणे हाच त्यांच्या मानाचा आधार होता. विश्वास माणसावर ठेवावा आणि मेळ रोज घालावा. या दोन गोष्टींत विरोध नाही.

समाजबांधवांचे कर्तव्य

बँकेच्या आत काय चालते, ते बाहेरच्याला कसे कळणार, असे म्हणून सभासदाने हात झटकू नयेत. सहकारी बँकेचा सभासद हा तिचा मालक असतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांश आणि अल्पोपाहार एवढ्यावर समाधान न मानता त्याने चार प्रश्न विचारावेत. लेखापरीक्षणात कोणते दोष दाखविले गेले आणि मागील वर्षीचे किती दुरुस्त झाले? सर्वांत मोठ्या पाच कर्जदारांकडे एकूण कर्जांपैकी किती टक्के रक्कम आहे? जोखमीच्या पदांवरील सेवकांच्या बदल्या व सक्तीच्या रजा झाल्या काय? सेवकांकडून आलेल्या तक्रारींचे काय केले? उत्तर देताना अध्यक्ष अडखळले, तर ती माहितीही काही थोडी नाही. १०० कोटी रुपये व त्याहून अधिक ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकांनी संचालक मंडळाबरोबर स्वतंत्र व्यवस्थापन मंडळ नेमावे, असे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९ अखेर ठरविले. त्यावर बँकिंग, हिशोब, कायदा जाणणारी माणसे आहेत की नात्यातली, हेही विचारण्याजोगे आहे.

ठेवीदारानेही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ४ फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे मुद्दल व व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार बँकेवर असे निर्बंध आल्यास ही रक्कम नव्वद दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. हे संरक्षण बँकांना आहे. पतसंस्था ही बँक नव्हे, आणि तिच्यातील ठेवीला हा विमा लागू होत नाही. अर्धा टक्का अधिक व्याजासाठी आयुष्याची पुंजी एकाच ठिकाणी ठेवणाऱ्याने हा फरक जाणून घ्यावा.

ज्यांची मुले-मुली बँकेच्या सेवेत आहेत त्या पालकांचाही यात वाटा आहे. वरिष्ठ सांगतात म्हणून न वाचता सही करावी लागली, आकडा पुरा करण्यासाठी ग्राहकाला अर्धे खरे सांगावे लागले, अशी गोष्ट मुलगा घरी येऊन सांगतो तेव्हा ‘नोकरी टिकव, बाकीच्यात पडू नकोस’ असे उत्तर त्याला मिळते. तो सल्ला प्रेमापोटी असतो, परंतु चौकशीच्या वेळी सही मुलाचीच असते. सही करण्यापूर्वी वाचावे, पटले नाही तर लेखी विचारावे आणि त्यासाठी बढती एक वर्ष लांबली तरी घर पाठीशी उभे आहे, एवढे त्याला घरातून कळले पाहिजे. सेवकाच्या आचरणाची राखण करणारे नियम बँकेत असतात. ते पाळण्याचे बळ मात्र पुष्कळदा घरातून येते.

बेअरिंग्जच्या लेखापरीक्षकांचा अहवाल, वेल्स फार्गोच्या सेवकांच्या तक्रारी आणि रिझर्व्ह बँकेच्या सूचना या सर्वांत नेमके तेच सांगितलेले होते, जे नंतर घडले. सांगणारी माणसे होती, ऐकणारी कमी पडली. बँकेच्या व्यवस्थापकापासून पतसंस्थेच्या संचालकापर्यंत आणि पेढीच्या मालकापासून घरातील वडीलधाऱ्यांपर्यंत प्रत्येकाने आपल्या हाताखालील माणसाचे अप्रिय बोलणे शांतपणे ऐकून घेण्याची सवय लावली, तर पुष्कळ मोठी हानी पाचशे रुपयांच्या टप्प्यावरच थांबेल.